केडगावच्या पंडिताबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळातील कोणाही भगिनीला नवे नाही. संस्कृतात पुराण सांगणारी विदुषी, बालविधवांसाठी शाळा काढणारी धाडसी बाई, एवढे आपण शाळेच्या पुस्तकातच वाचलेले असते. त्यांनी धर्म बदलला हेही ठाऊक असते. पण त्या वाक्यापाशी आले की आपल्या घरांतून आवाज जरा खाली येतो आणि विषय पुढे सरकतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी मुद्दाम रमाबाईच निवडल्या, आणि त्यांच्या आयुष्यातला तो खालच्या आवाजात बोलला जाणारा भागच निवडला. मी स्वतः तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या घरातली. धर्मांतराची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. परंतु बाईंना त्या धर्मात असे काय दिसले, की ज्यासाठी त्यांनी पुण्यातला मान आणि जिवाभावाची माणसे पणाला लावली, हे समजून घेतल्यावाचून पुढे केडगावला त्यांनी जे केले त्याचा उलगडा होत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक. शास्त्रीबुवांनी तो मोडला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना देवभाषा शिकवली. त्यावरून वाद झाला, उडुपीला पंडितांच्या सभेपुढे उभे राहून त्यांना आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. रानातले घर मोडून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले तेव्हा रमा सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटीत घालून गड्याच्या डोक्यावरून नेले. पुढची सारी वर्षे वाटेवरच गेली. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री. देवळात बसून पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची. लेकीला संस्कृत शिकवले ते आईने, पहाटेच्या वेळी, घरकामाला लागण्याआधी. मला नेहमी वाटते, की रमाबाईंची खरी गुरू ही माउली. तिचे नाव मात्र कोणी फारसे घेत नाही.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले. भीक मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीचे काम ठाऊक नाही, आणि ब्राह्मणाने मोलमजुरी करावी हे मनाला पटत नाही. अकरा दिवस ही माणसे झाडांचा पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर जगली. वडील गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. स्मशान तीन मैलांवर. खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीने ती ठेंगणी असल्याने तिच्या खांद्याला तिरडी लागेना, म्हणून आईच्या तिरडीचा आपल्या वाटणीचा भार तिने डोक्यावर घेतला. यानंतर थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघे बहीणभाऊ उपाशीतापाशी देशभर चालत राहिली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून त्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत आणि वर कोरडी वाळू ओढीत. भगिनींनो, हे सगळे मी लांबवून सांगते आहे त्याला कारण आहे. पुढे चाळीशीला पोचलेल्या रमाबाईंच्या कानावर दुसऱ्या एका दुष्काळाची वार्ता येणार आहे.

कलकत्त्यातले दिवस मी भरभर सांगते, कारण ते सर्वांना माहीत आहेत. १८७८ साली तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा, नोंदणी पद्धतीचा विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. संसार पुरती दोन वर्षेही टिकला नाही. पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. ते त्यांनी आवडीने वाचले, इतकेच.

लहानगीला घेऊन त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी त्यांना मान दिला. आर्य महिला समाज निघाला. वैद्यक शिकावे या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. कानांना कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकाचा बेत सोडावा लागला.

आता मूळ गोष्टीकडे येते. या भगिनींची एक शाखा लंडनजवळ फुलहॅमला होती. वाट चुकलेल्या, बाजारात बसलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. रमाबाईंना ते काम दाखवायला नेले. त्यांनी पाहिले, की एके काळी तेथे पतित म्हणून आलेल्या काही स्त्रिया आता तेथेच आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आहेत. त्यांच्याशी कोणी नाक मुरडून बोलत नव्हते. रमाबाईंना धर्मशास्त्रे मुखोद्गत; अशा स्त्रीला शास्त्राने कोणते दंड सांगितले आहेत हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिची काळजी घ्या असे कोठे वाचल्याचे त्यांना आठवेना. (आपल्या संतांनी कान्होपात्रेला पंढरीच्या पायरीशी जागा दिली, हे मला येथे आठवल्यावाचून राहत नाही. परंतु बाई शास्त्रांत वाढलेल्या. आणि विठोबाच्या दारी मिळालेली ती जागा गावातल्या विधवेपर्यंत पोचली नव्हती, हेही तितकेच खरे.) तुम्ही या बायकांसाठी एवढे का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. उत्तरादाखल तिने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. भर दुपारी येशू एका विहिरीपाशी थकून बसला आहे. एक शोमरोनी बाई एकटीच पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत, त्यांच्या भांड्यातले पाणी पीत नसत. शिवाय बाईचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवराही नव्हे. येशूला हे सर्व ठाऊक आहे, आणि तरी तो तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. आधी सुधार, प्रायश्चित्त घे, मग माझ्यापाशी ये, असे काही नाही. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी चालते यावर माणसाची किंमत ठरे, त्या समाजातून आलेल्या रमाबाईंना या एका गोष्टीचा अर्थ किती खोल लागला असेल, हे आपण मराठी बायका चटकन ओळखू शकतो.

ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेचा गाभाच हा आहे. देवाने माणसावर प्रीती केली ती माणूस चांगला म्हणून केली नाही. तो पापात असतानाच केली, आणि त्या प्रीतीपायी येशूने वधस्तंभावर प्राण दिला. प्रीती हाच शब्द मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आजही त्या अर्थी वापरतात. लायकी पाहून केलेले प्रेम आपल्याला कळते, परतफेडीच्या आशेने केलेलेही कळते. हे तिसरे प्रेम पचायला जड जाते. कोणाही धर्मातल्या माणसाला जड जाते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनाही गेले आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात वज्राघात झाल्यासारखे झाले. पण बाई साहेबांच्या पंक्तीला जाऊन बसल्या असे जे म्हटले गेले ते साफ चूक आहे. शाकाहार त्यांनी सोडला नाही. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्यांचे मतभेद होत. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करणार नाही, असे त्या सांगत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही वाद त्यांनी घातला. त्यांना शिकवणाऱ्या बाया वैतागून जात, आणि खरे सांगायचे तर ते वाचताना मला गंमत वाटते. बापाने उडुपीच्या सभेत केले तेच लेक वाँटेजला करीत होती.

चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवीत दोन वर्षे गेली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो सोहळा पाहायला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून हिंदू विधवांसाठी मदत उभी केली. १८८७ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि दहा वर्षे खर्च देण्याचे तिने कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदासदन उघडले. गोदूबाई नातू ही तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. मुलींनी आपापला आचार पाळावा, धर्माची सक्ती नाही, असा नियम होता. बाई मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून लेकीबरोबर प्रार्थना करीत, आणि ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. यावरून केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या. दोन्ही बाजू मी जमेल तितक्या निष्पक्षपणे वाचल्या. पालकांची भीती निराधार नव्हती, कारण १८९५ साली सदनातल्या काही मुली खरोखरच ख्रिस्ती झाल्या. उलट गोदूबाई चार वर्षे तेथे राहून हिंदूच राहिल्या, आणि माझे पुराण या आत्मचरित्रात त्यांनी बाईंची आठवण कृतज्ञतेने केली आहे. आपल्याला जे मिळाले ते झाकून ठेवणे बाईंना जमण्यासारखे नव्हते, आणि दार बंद करून प्रार्थना करणे त्यांना खोटेपणाचे वाटले असावे. पण आश्रय मात्र त्यांनी प्रार्थनेवर टांगून ठेवला नव्हता.

बाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यानंतर आठएक वर्षांनी सापडला. मला त्याचा अर्थ असा लागतो. जन्मभर व्रते, पारायणे, यात्रा, वादविवाद यांतून काही मिळवावे लागते अशीच त्यांची समजूत होती. इंग्लंडातही ती सुटली नव्हती. मिळवावे लागत नाही, फुकट मिळालेले आहे, हे उमगायला इतकी वर्षे लागली. आणि ज्याला फुकट मिळाले त्याला ते फुकट द्यावेच लागते.

ते देण्याचा प्रसंग १८९६ मध्ये आला. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बाईंची अडतिशी. हाताशी पैसा नव्हता. बोस्टनची मदत होती ती उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी, आणि तिचीही मुदत संपत आलेली. शहाणपण सांगत होते, की आहे ते सांभाळावे. परंतु पाला खाऊन काढलेले अकरा दिवस आणि डोक्यावर घेतलेली आईची तिरडी जिच्या आठवणीत आहे, तिला शहाणपण काय करणार? त्या स्वतः निघाल्या. अनाथ पोरींचे सांगाडे रस्त्यावर, झाडाखाली, गरिबांसाठी उघडलेल्या वाड्यांतून पडलेले. त्यांना फूस लावून नेऊन विकणारी माणसेही तेथे फिरत होती. बाईंनी तीनशेच्या आसपास मुली आणि तरुण विधवा गोळा करून आणल्या. जात विचारली नाही. अंगावर खरजेचे फोड, केसांत उवा, पोट भरल्यावरही भाकरी चोरून लपवून ठेवण्याची सवय! अशा तीनशे पोरींना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या जखमा धुणे म्हणजे काय, हे घरात एक आजारी मूल सांभाळलेल्या बाईला सांगायला नको.

पुण्यात प्लेगचे दिवस होते. एवढ्या मुली गावात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला बाईंनी शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती, तेथे तंबू आणि झोपड्या ठोकून या मुलींची सोय केली. त्या जागेचे नाव मुक्ती. विहिरी खणल्या, इमारती उठल्या, माग लागले. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आधी वाचवलेल्या मुलींपैकी आणि सदनात शिकलेल्यांपैकी काही जणी तिकडे जाऊन नव्या मुली घेऊन आल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार पानांवर रोज काय वाढायचे, हा हिशेब माझ्या डोक्यात मावत नाही. पुष्कळदा उद्याचे धान्य आज घरात नसे. कर्ज काढायचे नाही, कोणापाशी हात पसरायचा नाही, देवापाशी मागायचे, असा त्यांचा नेम होता.

येथे एक आक्षेप नेहमी निघतो. केडगावला आलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेक ख्रिस्ती झाल्या. मग हे प्रेम विनाअट कसे? हा प्रश्न मला गैर वाटत नाही. उपाशी पोरीला निवड कसली, ही गोष्ट मनाला टोचतेच. पण मी दुसरीकडूनही पाहते. ज्या पोरी वाचण्याची आशा नव्हती त्यांनाही बाईंनी आणले. आंधळ्या आणल्या, पांगळ्या आणल्या, ज्यांच्यापासून कोणत्याही धर्माला लाभ व्हायचा नाही अशा म्हाताऱ्या ठेवून घेतल्या. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. आणि फुलहॅमला जे पाहिले होते ते विसरल्या नाहीत: वाट चुकलेल्या आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. ज्या बाईला तिचे सख्खे आईबाप दारात उभे करीत नाहीत तिला त्या आत घेत. विधवांच्या शाळेला देणगी देणारे पुष्कळ मिळाले; अशा घरासाठी नावाजणारे तेव्हा फार नव्हते, आणि मला नाही वाटत आजही फार असतील.

या सगळ्याची किंमत कोणी दिली? बाईंनी दिलीच, पण त्यांच्याबरोबर मनोरमेने दिली. आई अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत फिरत होती तेव्हा ही पाचसहा वर्षांची पोर इंग्लंडात भगिनींच्या हाती होती. मोठी झाल्यावर परदेशात शिकून ती १९०० मध्ये परतली ती थेट आईच्या कामात. शाळा तिने चालवली, पत्रव्यवहार तिने सांभाळला, बहिऱ्या होत चाललेल्या आईचे कान ती झाली. लग्न केले नाही. दोन हजार लेकींची आई झालेल्या बाईच्या पोटची एकुलती एक मुलगी होणे सोपे नसणार. बाईंचे कौतुक लिहिताना हे वगळावेसे मला वाटत नाही.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले. तेव्हाच्या मराठी बायबलाची भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांनी सगळे बायबल नव्याने सोप्या मराठीत करायला घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शास्त्र्यांची मुलगी, बालपणी अठरा हजार श्लोकांचे भागवत पाठ केलेली, आणि आता शब्द शोधते आहे तो भाकरी थापणाऱ्या बाईला समजेल असा! पंधराहून अधिक वर्षे हे चालले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छपाई आणि बांधणी करणाऱ्या मुली त्याच, दुष्काळातून आणलेल्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई हृदयविकाराने वारल्या. वय चाळीस. काम जिच्या हाती सोपवायचे तीच गेली. बाईंची प्रकृती आधीच खालावली होती. तरी त्या पुन्हा भाषांतराच्या कागदांपाशी बसल्या आणि ते पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टाव्या वर्षी, केडगावलाच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून झाले ते त्यांच्या पश्चात, त्याच मुलींच्या हातून.